एक दात जास्त

धाकट्या नातीला पहिला दात आला, त्या वर्षीची गोष्ट. आजीला सगळे दातवाली म्हणत, कारण ती लाकडी दातेरी चाकं करायची. काम तिने सासऱ्यांकडून उचललं, आणि आकडे पन्नाशी उलटल्यावर सुनेकडून.

लोकर रंगवायच्या कारखान्यात टाकी ढवळायला एकमेकांत अडकणारी तीन चाकं हवी होती. मालकाने दात सांगितले होते बाहत्तर, शंभर आणि एकशे छत्तीस. चाकं बसवून झाली, तेव्हा त्याने बोट लावून मोजले.

“त्र्याहत्तर? अन् हे एकशे एक, हे एकशे सदतीस! मावशी, मोजायला मांजराला बसवलं होतं काय?”

कामगार फिदीफिदी हसले.

“मीच मोजलेत,” दातवाली म्हणाली. “सासऱ्यांचा नियम आहे, एक दात जास्त. नाहीतर तेच दात रोज त्याच दातांशी भिडतात. एखादा वाकडा असला की समोरच्याला खाऊन टाकतो. सगळ्यांशी थोडं थोडं भांडलं की कुणी झिजत नाही. घरातही तसंच.”

“ह्या झाल्या गप्पा. हिशेब दाखवा, नाहीतर चाकं जळणात.”

दातवालीचा चेहरा उतरला. नियम तोंडपाठ होता, पण तो आकड्यांत कसा मांडायचा ते सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांची आयुष्यभराची अक्कल आता चुलीत जायची होती.

सून नातीला कडेवर घेऊन सोबत आली होती. तिने एक फळी ओढली आणि पेन्सिलीने गुणाकार मांडला.

“आई, आपले तिन्ही आकडे कुणाच्याच पाढ्यात येत नाहीत. म्हणून तिघांची पुन्हा एकदम गाठ पडायला तिघांचा गुणाकार होईल एवढे दात सरकावे लागतात. मालकांच्या आकड्यांना तीस हजार सहाशे पुरतात, म्हणजे रोजची भेट. आपल्याला दहा लाख दहा हजार एकशे एक.”

फळीवर १०१०१०१ उमटलं होतं. दातवालीने ते डावीकडून वाचलं, मग उजवीकडून.

“अगं, हा दोन्हीकडून सारखाच. नि आकडेही दोनच. एवढा मोठा होऊन किती साधा राहिलाय बघ.”

दुसऱ्या दिवशी आठला टाकी सुरू व्हायच्या आधी सुनेने तिन्ही चाकांच्या सगळ्यात वरच्या दाताला लाल ठिपका दिला. लहान चाक मिनिटाला एक फेरा घ्यायचं, आणि टाकी आठ ते चार न थांबता चालायची. तिने सांगितलं, “तिन्ही ठिपके पुन्हा एकदम वर येतील ते एकोणतिसाव्या दिवशी, दोन वाजून सदतीस मिनिटांनी.”

“आणि नाही आले तर?” मालकाने विचारलं.

“तर चूल तुमची, चाकं तुमची,” दातवाली म्हणाली. त्या रात्री मात्र तिला घास गेला नाही.

पहिल्या आठवड्यात कामगार चिडवायचे. तिसऱ्यात तेच जेवण सोडून ठिपके बघायला यायला लागले. कधी दोन ठिपके वर यायचे आणि तिसरा तोंड फिरवून बसायचा. “रुसलाय,” कुणीतरी म्हणायचं.

एकोणतिसाव्या दिवशी सगळा कारखाना चाकांपुढे उभा होता. मालकाच्या हातात घड्याळ होतं. दोन छत्तीसला लहान चाकाचा ठिपका एकटाच वर आला आणि गेला. दातवालीने सुनेचा हात घट्ट धरला. पुढच्या फेऱ्याला लहान चाकाचा ठिपका वर आला, मधल्याचा आला, मोठ्याचाही आला. तिन्ही लाल, एकदम.

 मग कडेवरची नात आपला एकुलता दात दाखवत खिदळली, आणि सगळ्यांना हसू फुटलं.

मालकाने घड्याळ खिशात टाकलं. “मावशी, पुढच्या टाकीची चाकंही तुम्हीच करा. आणि एक दात जास्त घाला.”

“ते तुम्ही नाही म्हणालात तरी घालणारच होते.”

त्या चाकांनी अकरा वर्षं टाकी ढवळली, एकही दात तुटला नाही. नातीला बारावं लागलं त्या वर्षी, हिवाळ्यात, मंगळवारी सकाळी दातवाली वारली.