खांबाखालची पायवाट

एरवी ती हँडल फिरवून खांबावरचं यंत्र खाली घ्यायची, काच पुसायची आणि परत वर चढवायची. आज हँडल अडकलं, म्हणून आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती शिडीने खांबाच्या टोकाला गेली. तिथून तिने खाली बघितलं.

यंत्राच्या बरोबर खाली, दोरीने आखलेल्या चौकोनातून, एक पांढुरकी पायवाट गेली होती. या उजाड माळावर दुसरं कोणी फिरकत नसे. पायवाट तिचीच होती.

इथे माणसाला काम तसं थोडंच. जमिनीवरून परतणारा उजेड यंत्र आपला आपण मोजायचं, एकेक रंग वेगळा काढून, आणि आकडे कार्यालयात पाठवायचं. त्याच वेळी वरून जाणारा उपग्रह तीच जमीन बघायचा. दोघांचं जुळलं नाही तर खालचा आकडा खरा धरायचा आणि वरच्याला सुधारायचं. माणसासाठी नियम एकच होता: चौकोनात पाऊल टाकायचं नाही. इतका सोपा नियम कुणाच्या लक्षात राहतो! थंडीत तिचा गुडघा धरला. गाडीपासून बॅटरीच्या पेटीपर्यंतचा वळसा जिवावर यायला लागला. दोरीही एका बाजूने वाऱ्याने पडलेली होती. दोन पावलं तर टाकायची, असं म्हणत ती रोज सकाळी आडवी जात राहिली.

तुडवलेली माती जास्त चमकते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. यंत्राने रोज थोडी थोडी जास्त चमक कळवली. कार्यालयातल्या संगणकाला वाटलं, उपग्रहाचीच नजर मंदावली. त्याने उपग्रहाचे आकडे वाढवले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग हाच उपग्रह आणखी कुठे बघतो ते तिला आठवलं. खाणीचा बंधारा! मातीची भिंत, मागे गाळाचं तळं. माती ओली झाली की काळपट दिसते, आकडा उतरतो आणि खाणीला इशारा जातो. पण आकडे आधीच वाढवलेले असतील, तर पाझरणारी भिंतसुद्धा कोरडीच दिसणार. त्या भिंतीच्या पायथ्याशी, कामगारांच्या वसाहतीत, तिचा धाकटा भाऊ बायको आणि दोन मुलींना घेऊन राहत होता. तो तिथे जायला कचरत होता. "अरे, माझं यंत्र आहे ना! भिंतीला घाम फुटला तरी कळेल," असं सांगून तिनेच त्याला पाठवलं होतं.

शिडी कशी उतरली ते तिला कळलं नाही. तिने कार्यालयातल्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी चौकोनातून चालत होते. थंडीपासून."

"नोकरी जाईल. कळतंय ना तुला?"

"जाऊ द्या. बंधाऱ्याचे आकडे परत काढा आधी. माझा भाऊ राहतो तिथे."

मॅडमनी फोन ठेवला नाही. कीबोर्डची खडखड ऐकू येत राहिली. ती खांबाला पाठ लावून बसली. मी मूर्ख ठरू दे, उगाच घाबरलेली बाई ठरू दे, असं मनात घोकत राहिली. इतकी भीती तिला कधीच वाटली नव्हती.

"डावी बाजू," मॅडम म्हणाल्या. "अठरा दिवसांपासून ओली आहे. पट्टा रुंद होत चाललाय. मी खाणीला कळवते, तू भावाला सांग."

भावाने लगेच फोन उचलला.

"मुलींना घे आणि टेकडीवर जा. आत्ताच्या आत्ता. भिंत पाझरतेय."

"काहीतरीच काय, ताई! कालच तर सगळं ठीक म्हणून शेरा आलाय."

"शेरा खोटा आहे. माझ्यामुळे. बाबा रे, हात जोडते तुला."

तिने जन्मात कधी धाकट्यापुढे हात जोडले नव्हते. मुलींना हाका मारतच त्याने फोन ठेवला.

वीस मिनिटांनी भावजयीचा फोन आला. तिला धाप लागली होती. "आम्ही वर पोचलो, वन्सं. हे नाही आले. बाकीच्या घरांना सांगत फिरतायत, पण कुणी निघेना. सगळे यांनाच हसतायत. म्हणतात, आमची ताई वरून लक्ष ठेवते असं तूच सांगायचास ना?"

चाळीस घरं होती तिथे. तिची फुशारकी भावाने घरोघर वाटली होती. तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने भावाला फोन लावला.

"स्पीकर चालू कर. वर धर."

गलका ऐकू आला, कुणाची तरी बादली आपटली, कुणीतरी हसलं.

"मी याची बहीण बोलतेय," ती ओरडली. "यंत्र माझ्याकडे आहे आणि माझ्या चुकीने त्याने चुकीचं सांगितलं. भिंत अठरा दिवस ओली आहे. पोरं उचला आणि टेकडीवर जा."

हसणं थांबलं. एका म्हातारीचा आवाज फोनजवळ आला.

"मग पोरी, आमच्याकडे आता वरून कोण बघतंय?"

"कुणी नाही, आजी," ती म्हणाली. "पळा."