मनोरमाबाईंच्या गाडीचा मागचा डावा शॉकअप

मित्रांनो, एका छोट्या पांढऱ्या जपानी गाडीचा मी मागचा डावा शॉकअप. आता म्हातारा झालोय, अंगातलं तेल ओघळतं, पण गोष्ट सांगायला तेल लागत नाही.

माझा जन्म युरोपातला. कारखान्यात ज्या यंत्रानं मला दाबून पाहिलं, ते दमून आठवडाभर रजेवर गेलं म्हणतात. माझं काम साधं. खड्डा आला की अंगाभोवतीची स्प्रिंग उसळते. मी तिला आवरतो.

१९९८ साली शारजाला खैरुद्दीनच्या गॅरेजात मी या गाडीला लागलो. मालकीण मनोरमाबाई. ड्रायव्हिंग टेस्टला त्या इतक्या वेळा नापास झाल्या होत्या, की परीक्षक त्यांना घरच्यांची खुशाली विचारायचे. लायसन्स मिळाल्यावर त्यांनी ठरवलं, रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी पळवायची शर्यत असते, ती एकदा जिंकायचीच. तीही स्टॉक गटात, म्हणजे कंपनीतून आली तशा गाड्यांच्या. तिथला नियम असा: शॉकअप बाहेरचे चालतील, स्प्रिंग मात्र मूळची हवी आणि गाडीची उंचीही.

माझ्या अंगावर स्प्रिंग टेकवायला दोन खाचा आहेत, एक वर, एक खाली.

"भाभी, नीचेवाली में डालूँ? गाडी बैठेगी, एकदम शेर लगेगी," खैरुद्दीन म्हणाला.

"शेर नको, गाडीच राहू दे. ऊपरवाली में डालो." बाई काम होईपर्यंत शेजारी उभ्या होत्या.

शुक्रवारी सकाळी शर्यत. तपासणीला राजाभाऊ, रुवैसच्या रिफायनरीतून खास आलेले. त्यांनी चाकावर टेप धरली आणि मान हलवली.

"वहिनी, मागनं बसलीय. स्प्रिंग खालच्या खाचेत घातलीय. मॉडिफाइड गटात जा."

त्या गटात श्रीमंतांची मोठमोठी इंजिनं. तिथे आमची गाडी म्हणजे उंटांच्या शर्यतीत शेळी.

"मी समोर उभी राहून बसवून घेतलंय, राजाभाऊ."

"मग टेप खोटं बोलतेय का?"

बाईंचे यजमान सतीशराव एवढ्यात आकाशाकडे पाहू लागले. वर विमान नव्हतं. बाईंनी नवऱ्याला बरोबर ओळखलं.

"अहो, डिकीत काय आहे?"

"काही नाही. थोडा कार्गो. गुरुवारी टाकायचा राहिला."

डिकी उघडली. गावी पाठवायची ब्लँकेटं, खजूर, दूध पावडरचे डबे, साबण आणि तळाशी बहिणीसाठी शिलाई मशीन.

"डिकी रिकामी ठेवायची, हा नियम वाचलात ना?" राजाभाऊंनी विचारलं.

"सुटं सामान नको, असं लिहिलंय," सतीशराव म्हणाले. "हे मी सुतळीनं घट्ट आवळलंय."

राजाभाऊ हसत खाली बसले ते उठेचनात. सामान उतरलं, तसा मी हळूहळू सरळ झालो. पुन्हा टेप लागली. उंची बरोबर निघाली. राजाभाऊंनी वाकून माझी खाचही पाहिली, वरचीच.

"यल्ला, चला वहिनी, स्टॉकच्या लायनीत लावा."

त्या दिवशी वळणावर गाडी जराही झुलली नाही. एक शंकू आपणहून बाजूला सरकला, पण ते नियमात बसत नाही, म्हणून मी कुणाला बोललो नाही. मनोरमाबाई गटात पहिल्या आल्या. लोकांनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं, टायरचं केलं. गाडीखाली कोण वाकून बघतो?

मग वर्षानुवर्षं मी घरचं ओझं वाहिलं. तेल गळू लागलं, तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी मागून ठकठक ऐकू आली, तेव्हा बाईंनी मला आणि मागच्या उजव्या बाजूच्या माझ्या भावाला उतरवून खैरुद्दीनच्या फळीवर ठेवलं. माझी तक्रार नाही.

एवढंच मागणं आहे मित्रांनो. आमच्या अंगावर तेल दिसलं, तर पुसून वेळ मारून नेऊ नका. आणि कुणी बसलेला, वाकलेला दिसला, तर त्याच्यातच खोट आहे असं लगेच ठरवू नका. आधी त्याच्यावरचं ओझं उतरवा, मग टेप लावा.