दोन खंडांची पोच

मित्रांनो, एखाद्या पत्राचे उत्तर द्यायचे राहून गेले, असे तुमच्या बाबतीत कधी झाले आहे का? पारोळ्याच्या वाचनालयातले शालिग्रामनाना यांच्याकडे असे एक पत्र होते. ते १९८६ साली अमेरिकेहून आले होते. त्याला तेरा वर्षे उत्तर गेले नाही. शेवटी गेले ते माझ्या हातून. मला हात नाहीत, पण दुसरा शब्द सुचत नाही. मी एक मोबाईल फोन आहे. आता जुना झालो आहे. विटेसारखा जाड आहे आणि चष्म्याच्या घरासारखा मधोमध उघडतो. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. पण त्या पत्राची आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. मिटलेला असताना मी साधा फोन दिसतो. उघडला की आत एक अरुंद काच आणि बारीक बटणांच्या ओळी. पांढरा झगा घातलेल्या एका बाईने माझे एकेक बटण दाबून पाहिले आणि मला डब्यात ठेवले. इतर फोनांना नुसते बोलता येत होते. मला पत्रही लिहिता येत होते, आणि ते तारेवाचून पाठवताही येत होते. मला त्याचा अभिमान वाटे. पुढे कित्येक महिने ती विद्या मला कोणी विचारलीच नाही.

मुंबईच्या एका दुकानातून जीवरामशेटनी मला विकत घेतले. ते केळीचे व्यापारी. राहायला जळगावला, माल भरायला चोपड्याच्या मळ्यांत. तेव्हा आपल्या भागात मोबाईलचे मनोरे नुकतेच उभे राहत होते. मळ्यात मला कानाला लावले की माणसे घड कापायचे सोडून गोळा होत. एकदा सुकदेव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला उलटासुलटा करून पाहिले.

"शेट, याले वायर कोठे शे?"

"वायर नही, आबा. हवामाईन बोलस."

"मंग वारा उलटा व्हयना तं बोलनं बी उलटं जाई का?"

सगळे हसले. मीही मनात हसलो. त्याच दिवशी माझ्या झाकणावर केळीचा चीक पडला. तो डाग काळा पडला आणि पुन्हा कधी निघाला नाही. दिल्लीला ट्रक कधी निघाला, वाटेत कुठे थांबला, हे सारे माझ्यातून बोलले जाई. लग्नांत शेट मला मुद्दाम टेबलावर ठेवत. दिल्लीच्या व्यापाऱ्यांना भाव ईमेलने कळवायचे, असेही त्यांच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी कंपनीच्या कचेरीत वेगळा अर्ज भरला. बोलण्याची परवानगी निराळी आणि मजकूर पाठवण्याची निराळी, असा तेव्हा नियम होता. परवानगी मिळाली. पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता शेटनी खिशात मावणारा छोटा फोन घेतला आणि मी टेबलाच्या खणात गेलो. तिथे तुटके पेन आणि रबरबँड होते. मित्रांनो, वस्तू मोडली म्हणजेच तिचे काम संपते असे नाही. नवी आली म्हणजेही संपते.

१९९९ सालच्या डिसेंबरात, चौदा तारखेला, तो खण उघडला. शेटच्या पत्नी प्रमिलाबाईंनी मला बाहेर काढले आणि पदराने पुसले. त्या जळगावात टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवत. शालिग्रामनाना त्यांचे सख्खे मामा. नानांनी त्या दिवशी पारोळ्याच्या बूथवरून फोन करून एवढेच विचारले होते, की अमेरिकेला ईमेल कसा पाठवतात. स्वतःहून कधी फोन न करणाऱ्या माणसाने फोन केला, तेव्हाच बाई समजल्या की काहीतरी मोठे घडले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पर्समधून एस.टी.ने पारोळ्याला आलो. वाचनालय एका दुमजली इमारतीत होते. नाना निवृत्त झाले होते, तरी रोज येऊन पुस्तकांना कव्हरे घालत बसत. बाईंनी विचारले आणि नानांनी खाली मान घालून सगळे सांगितले. ते मी पर्समधून ऐकले.

वाचनालयाचे अध्यक्ष होते हिलालभाऊ. शाळेचे हेडमास्तर. नानांना शिकवले त्यांनी, कामाला लावले त्यांनी. एके वर्षी शब्दकोशाचे दोन मोठे खंड गहाळ झाले. वार्षिक सभेत भाऊ सर्वांसमोर नानांना म्हणाले, "शालिग्राम, पुस्तकं सांभाळता येत नसतील तर किल्ल्या ठेव." नानांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सभेने त्या परत दिल्या, पण गावात चार तोंडी बोलणे व्हायचे ते झालेच. पुढे भाऊ मुलीकडे अमेरिकेला गेले. तिथे ट्रंक उघडली तर ते दोन्ही खंड तळाशी! वाचायला म्हणून त्यांनीच नेले होते आणि विसरले होते. त्यांनी खंड बोटीने परत पाठवले आणि सोबत पत्र लिहिले. "चूक माझी होती. ती मी भर सभेत तुझ्या माथी मारली. मनातून काढलं असशील तर एका ओळीत तेवढं कळव."

"मग कळवलं का नाही, मामा?" बाईंनी विचारले.

"काय कळवू? क्षमा केली म्हणून? त्यांना? मी?" नाना म्हणाले. "मोठ्या माणसाला क्षमा करणारा मी कोण, प्रमिला? दहा वेळा कागद घेतला. प्रत्येक ओळ उद्धट वाटली. मग वर्ष उलटलं. मग इतक्या उशिरा लिहिणंच उद्धट वाटायला लागलं."

आणि आता भाऊंची मुलगी कुंदा हिचे पत्र आले होते. येताना त्याला सोळा दिवस लागले होते. भाऊंच्या हृदयाचे ऑपरेशन सतरा तारखेला होते. वय ऐंशीच्या पुढे, डॉक्टर भरवसा देत नव्हते. भाऊंना ऐकू येणेही बंद झाले होते. "शालिग्राम माझ्यावर रागावूनच राहिला, असं ते म्हणतात," कुंदाने लिहिले होते. "त्यांच्या नावाचा ईमेलचा पत्ता देते. तुम्ही पाठवलंत तर मी मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या हातात देईन."

"तिला बूथवरून फोन केला असता तर?"

"चार माणसं रांगेत उभी असतात गं. त्यांच्यासमोर हे ओरडून कसं बोलू?"

मग बाईंनी मला उघडले. मित्रांनो, ते तास मी विसरणार नाही. त्यांच्याकडे इंटरनेट कंपनीने दिलेला कागद होता. त्यावरून एकेक गोष्ट त्या मला शिकवत होत्या. कोणता नंबर लावायचा, आपले नाव काय सांगायचे, परवलीचा शब्द कोणता, येणारे टपाल कुठून घ्यायचे, जाणारे कुठे द्यायचे. खाली सिग्नल नव्हता. गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, दोन रेघा दिसू लागल्या. पहिल्यांदा जोडणी लागून लगेच तुटली. दुसऱ्यांदा परवलीचा शब्द चुकला. तिसऱ्यांदा येणाऱ्या टपालाच्या जागी जाणाऱ्याचे नाव पडले.

"राहू दे गं," नाना दर वेळी म्हणत. "नशिबात नसेल."

"मामा, तुम्ही फक्त कागद धरा. उडेल तो."

पाचव्यांदा जोडणी टिकली. तिकडून होकाराची खूण आली आणि ती माझ्या अंगभर पसरली. ज्या कामासाठी मला घडवले होते, ते मला येत होते!

नानांनी मजकूर कागदावर लिहून आणला होता. मला मराठी अक्षरे ठाऊक नव्हती, म्हणून बाईंनी तो इंग्रजी अक्षरांत टाइप केला. पत्त्याची वेळ आली तेव्हा नाना म्हणाले, "पाकिटावरचा पत्ता मी दुसऱ्याला लिहू देत नाही." त्यांनी मला हातात घेतले. कुंदाच्या पत्रात बघून एकेक अक्षर शोधत त्यांनी पत्ता लिहिला. सिग्नलची एक रेघ कमी झाली होती. बाईंनी घाईने बटण दाबले आणि मी पत्र पाठवून दिले.

बाईंना क्लास होता. "उद्या सकाळी हे बटण दाबून पाहा. उत्तर आलं असेल," असे सांगून त्या मला आणि माझा चार्जर नानांकडे ठेवून गेल्या.

सोळा तारखेला सकाळी नाना अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गच्चीवर आले. बटण दाबले. एक टपाल आले होते. पण ते भाऊंचे नव्हते. ते त्यांचे स्वतःचेच पत्र होते. वर इंग्रजीत लिहिले होते की हे पत्र पोचवता आले नाही, सबब परत पाठवत आहोत.

नानांनी वाचनालयाचे टपाल तीस वर्षे हाताळले होते. माणूस पत्र घेत नाही तेव्हा ते परत येते, हे त्यांना माहीत होते. ते टाकीला टेकून खाली बसले.

"घेतलं नाही भाऊंनी," ते म्हणाले. "बरोबर केलं."

चूक कुठे होती ते मला दिसत होते. पत्त्याची ओळ माझ्याच पोटात होती. पण मला फक्त दुसऱ्यांचे शब्द पोचवता येतात, माझा एकही शब्द मला बोलता येत नाही. त्यांनी मला बंद केले, रुमालात गुंडाळले आणि कपाटात भाऊंच्या त्या जुन्या पत्रावर ठेवून दिले. तेरा वर्षे ते पत्र ज्या अंधारात होते, त्यात त्या दिवशी मीही होतो.

दुपारी चार वाजता पायऱ्यांवर धावती पावले वाजली.

"मामा! फोन का बंद ठेवला? सकाळपासून लावतेय मी. माय वं, जीव नुसता टांगणीला!"

"पत्र परत आलं, प्रमिला. भाऊंनी नाकारलं."

"ईमेल कोणी नाकारतं का? कोठे शे फोन?"

त्यांनी कपाट उघडले, मला सोडवले आणि गच्चीवर नेऊन चालू केले. रात्रभर चालू राहून माझी शक्ती संपत आली होती आणि गावात वीज नव्हती. बाईंनी परत आलेले पत्र वाचले. मग पुन्हा वाचले.

"मामा, पत्त्याच्या सुरुवातीला हे काय लिहिलं?"

"काय लिहिणार? रा. रा."

"ईमेलच्या पत्त्यात?"

"मग नुसतं हिलाल लिहू? कुंदा लिहील, ती आजकालची मुलगी आहे. ज्यांनी मला शिकवलं, त्यांचं नुसतं नाव मी पाकिटावर कसं घालू?"

बाईंना हसू फुटले. पण नानांचे डोळे भरलेले पाहून ते तिथेच विरले. त्या त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"मामा, भाऊंनी पत्र पाहिलेलंच नाही. त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही. अक्षर कमी नको आणि जास्त नको, तरच ते दार उघडतं. तुमचं पत्र दारावरूनच परत फिरलं."

"म्हणजे... त्यांनी नाही म्हटलं नाही?"

"त्यांना ठाऊकच नाही तुम्ही लिहिलंत ते. आणि उद्या ऑपरेशन आहे. तिकडे आत्ता सकाळ होतेय." त्यांनी मला नानांच्या हातात दिले. "मान देण्यातच तुमचं बठ्ठं आयुष्य गेलं, मामा. आता एकदा उत्तर द्या."

नाना माझ्याकडे बघत राहिले. माझ्या काचेवर शक्तीची शेवटची रेघ लुकलुकत होती. मला भीती वाटत होती की यांचा विचार संपण्याआधी मी संपेन. मित्रांनो, भाऊंचे पत्र नानांनी फार जपले होते. त्याला घडीची चुणीही पडू दिली नव्हती. पण पत्र नुसते कपाटात ठेवून जपले जात नाही. तिकडे कोणीतरी वाट बघत असते, आणि कपाट कितीही स्वच्छ असले तरी ती वाट संपत नाही. तुमच्याकडे असे एखादे पत्र असेल, तर चांगला शब्द सुचण्याची वाट पाहू नका. साधा शब्द वेळेवर गेला तर तोच चांगला. आम्हा वस्तूंचेही तसेच आहे. आम्हाला पुसून खणात ठेवू नका, आमच्याकडून काम करून घ्या.

नानांनी पत्त्यातले पहिले अक्षर खोडले. मग दुसरे. प्रत्येक खोडताना त्यांचे ओठ हलत होते, क्षमा मागितल्यासारखे. शेवटी काचेवर नुसते 'हिलाल' उरले, आणि पुढे यंत्राला लागणारी अक्षरे. आदल्या दिवशीचा लांबलचक मजकूरही त्यांनी काढून टाकला. बाई शेजारी बसून अक्षर कुठे आहे ते दाखवत होत्या, आणि नाना स्वतः लिहीत होते:

"तीर्थरूप भाऊ, शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. मनात कधीच काही नव्हते. दोन्ही खंड मिळाले. फडताळात त्यांची जागा मी रिकामीच ठेवली होती, तिथेच लावले आहेत."

त्यांनी एकदा वाचून पाहिले. काही जोडावेसे वाटले असावे, बोट अडखळले. पण त्यांनी जोडले नाही.

"मी दाबू?" बाईंनी विचारले.

"नको," नाना म्हणाले. ते उठून उभे राहिले, पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबले. मी नंबर लावला. पलीकडून होकार आला. उरलेल्या शक्तीने मी एकेक अक्षर पुढे दिले, शेवटचे अक्षर दिले, आणि काचेवर दाखवले की पत्र गेले.