हरणीची पायताणं

चारी पायांत काळे रबरी बूट घालून कोंडाजीची हरणी जत्रेला निघाली, तेव्हा कासारसाईच्या धरणाकाठची ती वाडी पालखी सोडून घोडीकडेच बघत होती. कोंडाजीला तेच हवं होतं.

मानाची घोडी त्याच्या घरची. तिनं देवळाच्या पहिल्या पायरीला पुढचे पाय लावले की मगच पालखी उचलायची, अशी रीत होती. बूट दिले होते हिंजवडीच्या जान्हवीनं. नोकरीतून सुट्टी मिळाली की ती घोडा शिकायला यायची. खडीच्या रस्त्यानं हरणीचे खूर झिजलेले बघून तिनं मापानं मागवले होते. रपेट झाली की काढायचे, आत खडा-माती राहू द्यायची नाही, टाचा चाचपून बघायच्या, असं बजावलंही होतं. कोंडाजीनं नुसती मान डोलवली. रोज ते पट्टे ओढत कोण बसणार? शिवाय येणारा-जाणारा गोठ्याशी थांबून कौतुकानं बघायचा. मग काय, आठवडाभर बूट पायातच राहिले. घोडी पाय नीट टेकत नाही, असं बायको साधना म्हणाली, तर हा तिच्यावरच खेकसला.

देवळाच्या वाटेवर हरणी अडखळली. चारचौघांत नखरे करते म्हणून त्यानं तिच्यावर चाबूक ओढला.

पायरीशी भैरू गुरवानं हात आडवा केला. "कोंडाजी, पायताण घालून कुणी देवाच्या पायरीला लागतं व्हय? काढ तिची."

माणसं हसली. कोंडाजीही हसतच खाली बसला आणि त्यानं पुढच्या पायाचा पट्टा सोडला. बुटाबरोबर कुजका वास आला, खडीचा तुकडा खाली पडला. टाचेमागची कातडी सोलून लाल झाली होती. हसणं जागच्या जागी थांबलं. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं.

"ऱ्हाऊ दे तिला," भैरू हळूच म्हणाला. पालखी पहिल्यांदाच घोडीवाचून उचलली गेली.

साधनानं कळशीभर पाणी आणलं. कोंडाजी जखम धुऊ लागला. लाजेनं त्याला मान वर करवत नव्हती.

"मी मारलं गं तिला."

"समद्यांनी बघितलं," साधना म्हणाली. "दुसरा बूट काढून पाय धुवा आता."

दुसऱ्या पायाला हात लावायचा त्याला धीर होईना. हरणीनं लाथ घातली असती तरी तो बाजूला झाला नसता. पण तिनं दुखऱ्या पायावर भार घेतला आणि दुसरा पाय आपणहून उचलून त्याच्या हातात दिला.