उसाची कूस

पलटणीतून सुटून आलेला सयाजी घरी जेवायचा आणि अंथरूण बगलेत मारून गुऱ्हाळावर निजायला जायचा. सन शेहेचाळीसचा ऊस तोडीला आला होता, राखण हवीच. पण चार वर्षांनी आलेला नवरा रोज राखणीला जातो, हे गावाच्या पचनी पडेना. “पलटणीत दुसरी केली असंल!” बायका पाणवठ्यावर कुजबुजत.

खरं दुखणं वेगळंच होतं. तोडीला लागल्यावर सयाजीच्या मांड्यांवर लाल पुरळ उठलं होतं. पलटणीत साहेबानं बाहेरच्या बाईकडून लागणाऱ्या गरमीच्या रोगाची चित्रं दाखवून जवानांना चांगलंच घाबरवलं होतं आणि तो रोग झालेल्या सोबत्याचा टॉवेल सयाजीनं एकदा वापरला होता. झालं! एवढ्यावरून गड्यानं स्वतःला रोगी ठरवलं. कुणाला विचारायची लाज, आणि बायकोला लागण होईल हे भय. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही.

एका सकाळी त्याची बायको हरणाबाई भाकरी घेऊन गुऱ्हाळावर आली. फडक्याची गाठ न सोडताच म्हणाली, “आवं, दुसरी केली असंल तर तसं सांगा. मी म्हायेरी जाते.”

सयाजी तिच्यासमोर येऊन बसला. “न्हाई गं हरणे! मला गरमी झालीया. तुला लागू नये म्हनून लांब ऱ्हातोय.”

हरणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे सरली नाही. “मग एकल्यानं कशापायी सोसताय? उठा, कराडला डाक्टरकडं जाऊ.”

डॉक्टरांनी पुरळ नीट पाहिलं. “पलटणीच्या आधी ऊस तोडायचास?”

“व्हय, पोरपणापासनं.”

“तेव्हा अंग खाजायचं?”

“पयल्यांदा लय खाजायचं. उसाची कूस...” बोलता बोलता सयाजी थांबला. उसाच्या पानांवरची ती बारीक काटेरी लव! उघड्या मांड्यांनी फडात शिरलं की ती टोचते, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. चार वर्षांत तोच विसरला होता!

“बाहेर कुठं बाईकडं गेला होतास?”

“देवाशप्पत न्हाई!”

“मग टॉवेलानं गरमी होत नाही, बाबा. शंका असती, तर रक्त तपासलं असतं. रोग निघता, तर औषध दिलं असतं. पण तू कुणाला विचारलंच नाहीस. स्वतःच न्यायाधीश झालास, स्वतःला शिक्षा ठोठावलीस, आणि भोगली मात्र हिनं!”

सयाजीनं हरणाबाईपुढं हात जोडले.

वाचकहो, अंगावरचा प्रत्येक डाग म्हणजे रोग नव्हे. आणि रोग असलाच, तरी तो लपवल्यानं बरा होत नाही. लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं, घरच्या माणसाला विश्वासात घ्यावं.

त्या संध्याकाळी सयाजीचं अंथरूण घरी आलं. सकाळी तो तोडीला निघाला, तेव्हा हरणाबाईनं तेलाची वाटी पुढं केली.

“आदी मांड्यांना तेल लावा, म्हंजी कूस टोचायची न्हाई. आन परत काय उठलं, तर पयलं मला सांगा.”