दगडाबाईच्या रानातला निळा चौकोन

बिडकीनच्या अलीकडच्या वाडीत सकाळपासून माणूस मावत नव्हतं. मारुतीच्या पारावर पाण्याच्या नकाशाचा मोठा फ्लेक्स बांधला होता आणि त्यातल्या एका गडद निळ्या चौकोनाला हळदकुंकू वाहिलं होतं. जलानंद महाराज माइकवरून सांगत होते, की दगडाबाईच्या रानाखाली पाताळगंगा आहे. ती त्यांना ध्यानात केव्हाच दिसली होती, आता कॉम्प्युटरलाही दिसली. दगडाबाईनं ते दोन एकर मठाला दिले तर गंगा वर येईल, नाही दिले तर आहे ते पाणीही आटेल. सारं गाव म्हातारीच्या मागं लागलं होतं. घरातली सूनसुद्धा तिच्याशी बोलेना.

गर्दीत मेघा लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून उभी होती. नकाशा तिचाच होता.

शहरात पुंडलिकनगरला राहणारी मेघा एका खासगी सर्वेक्षण कार्यालयात पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून भूजलाचे नकाशे काढायची. हा नकाशा ग्रामपंचायतीला गेला, तिथून मोबाइलवर फिरला. आदल्या दिवशी हळदकुंकवाचा फोटो पाहून ती आकडे पुन्हा तपासायला बसली. तासाभरात चूक सापडली. साहेबांनी बजावलं, की नवा नकाशा गुपचूप पाठव, कार्यालयाचं नाव घालवू नकोस. तिनं रजा टाकली आणि एसटी धरली.

नकाशा काढणारी बाई आली म्हटल्यावर महाराजांनी आनंदानं माइक दिला.

"हा नकाशा चुकलाय," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. शिवाराचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येकात विहिरीचं पाणी किती मीटर खोल, तो आकडा होता. पाणी जितकं वर, तितका रंग निळा. जिथं मोजणी झाली नाही तिथं उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव, म्हणजे 'माहीत नाही' अशी खूण. ती खूण वगळायची हे कॉम्प्युटरला सांगायचं ती विसरली. त्यानं आकडा खरा धरला आणि दगडाबाईच्या रानातलं पाणी जमिनीच्या दहा हजार मीटर वर, थेट ढगांत नेऊन ठेवलं.

महाराजांनी तिचं आडनाव विचारलं. ऐकून गर्दीकडं बघत हसले. "तरीच. तुम्ही लोक देव कुठं मानता?"

मेघानं माइक सोडला नाही. "आडनावानं पाणी लागत नाही, महाराज. गावानंच एखादा कोरडा चौकोन सांगावा, तिथं हीच चूक करून दाखवते."

गर्दीतून कडुबा नावाचा शेतकरी पुढं आला. "माझी हीर धर, ताई. साठ फूट खोदली, नुसता धुराळा."

तिनं कडुबाच्या विहिरीचा आकडा पुसून तीच खूण घातली, नकाशा पुन्हा काढला आणि लॅपटॉप उंच धरला. कडुबाचा चौकोन गडद निळा झाला होता.

"लई पाणी लागलं की मला," कडुबा म्हणाला. पोरंसोरं हसली, मग बायाही.

तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: खूण असेल तिथं रंग भरू नकोस. कडुबाचा आणि दगडाबाईचा, दोन्ही चौकोन पांढरे झाले.

"पण माझंच रान मोजायचं कसं राह्यलं?" दगडाबाईनं विचारलं आणि उत्तर तिचं तिलाच सापडलं. "व्हय, माझ्या रानात हीरच नाय. मोजतील काय?"

महाराज म्हणाले, गंगामाता कोपेल, पण माइक मेघाच्या हातात होता. काहींनी तरीही त्यांना हात जोडले. मेघानं ते पाहिलं आणि शेवटचं सांगितलं. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. दोरी घ्या, हिरी मोजा, माझे आकडे ताडून बघा. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणा. त्या जागी कुणी गंगा दाखवली, तर आधी विचारा, मोजली कुणी?"