दाजींचं दालन

माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या नावाने पृथ्वीच्या पोटात एक खोली आहे. मॅगार्ड दालन. टँबलिन गुहेच्या नकाशात तसं छापलंय, त्यामुळे नाकारताही येत नाही. ऐन विशीत थर्स्टन मॅगार्ड एका फटीतून पोटावर सरपटत गेले आणि पलीकडे त्यांना ती खोली सापडली. त्यानंतर आमच्या केंटकीच्या डोंगरांत त्यांनी आयुष्यभर दोनच कामं केली: विमे विकले आणि त्या फटीची गोष्ट सांगितली. वर्षागणिक गोष्टीतली फट अरुंद होत गेली आणि दाजी रुंद.

ती गुहा आता सरकारी उद्यानात येते आणि मी तिथे रेंजर आहे, म्हणजे गुहेची राखणदार. त्यामुळे रविवारी चर्चनंतर ओपलताईकडे जेवायला बसलं, की दाजी मला माझीच गुहा समजावून सांगायचे.

वटवाघळांचा तो पांढऱ्या नाकाचा रोग उत्तरेकडून खाली सरकत होता, तेव्हाची ही गोष्ट. वटवाघळं हिवाळाभर गुहेत गार पडून झोपतात. ही बुरशी गारव्यातच वाढते. नाकावर पिठासारखी बसते, पंख खाते. झोप मोडते, अंगातली चरबी संपते आणि ती बिचारी भर बर्फात किडे शोधायला बाहेर पडतात. बर्फात कुठले किडे! मरतात. रोग एकाकडून दुसऱ्याला जातो, तसा माणसाच्या कपड्याबुटांच्या चिखलातूनही जातो. म्हणून आमच्याकडे नियम झाला. हिवाळ्यात गुहा बंद, आणि दुसऱ्या गुहेत वापरलेलं काहीही आमच्या गुहेत आणायचं नाही.

"वटवाघळांना सर्दी झाली म्हणून गुहेला कुलूप!" मक्याच्या पावाने ताटातल्या बीन्स निपटत दाजी म्हणाले. "उद्या उंदरांना खोकला झाला तर कोठारं बंद करणार का, वर्ना?"

"तुम्ही मागच्या महिन्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या गुहांत जाऊन आलात ना? तिथे रोग आहे. ते कपडे इकडे आणू नका."

"मला शिकवतेस? तू शाळेत होतीस तेव्हा मी..."

"फटीतून जात होतात. माहितीये."

ओपलताईने न विचारता माझ्या ताटात आणखी बीन्स वाढल्या. मला गप्प बस म्हणायची तिची ती रीत होती.

नोव्हेंबरात गुहेचं मागचं तोंड तपासायला गेले, तर लोखंडी फाटक सताड उघडं. आतून दाजी बाहेर येत होते, मागे दोन भक्त. दाजी उद्यानासाठी देणग्या जमवणाऱ्या मित्रमंडळाचे अध्यक्ष. त्या मानाची एक किल्ली त्यांना कधीकाळी दिली होती आणि परत मागायची कुणाची छाती नव्हती.

"दाजी, गुहा बंद आहे."

"लोकांसाठी गं. हे दोघं टेनेसीहून आलेत, माझं दालन बघायला."

"अंगावरचे कपडे कुठले?"

"नवे आहेत."

कोपरापासून गुडघ्यापर्यंत तीन रंगांचा वाळलेला चिखल होता. नवे म्हणे! माणूस खोटं बोलतो तेव्हा समोरच्यासाठी थोडी तरी मेहनत घेतो. तेवढीही माझी लायकी त्यांना वाटली नाही.

मी दंडाची पावती फाडली. आमचे उद्यानप्रमुख क्लेबर्नसाहेब यांनीही फाडली, फक्त आधी उभी आणि मग आडवी.

"वर्ना, वाहनतळावरचं छप्पर मित्रमंडळाने दिलंय," ते म्हणाले. "घरची भांडणं घरी ठेव."

क्लेबर्नसाहेब वाईट नव्हते. वाईट व्हायलासुद्धा कणा लागतो.

फेब्रुवारीत, भर दुपारी, वाहनतळावर वटवाघळं उडायला लागली. काही छपराखाली भिंतीला चिकटली, काही बर्फात पडली. अंग अंगठ्याएवढं, पंख जळक्या कागदासारखे, नाकावर पांढरी साय. हातमोजे घालून मी ती पिशवीत गोळा करत होते. काही अजून हलत होती. एकाने माझ्या बोटाला पायाने विळखा घातला, झोपताना छताला धरतात तसा. त्याचा विळखा सुटेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

विद्यापीठातून डेल्फिया नावाच्या संशोधक बाई आल्या. त्या म्हणाल्या, रोग कुणी आणला हे कधीच कळणार नाही. वटवाघळं स्वतः कुठल्या कुठे उडतात, आज ना उद्या तो येणारच होता. मला हे मान्य आहे. दाजींनी आणला असं मी आजही म्हणत नाही. पण आपण तर आणला नसेल ना, हा प्रश्न त्या माणसाच्या डोक्यात एकदाही आला नाही. दर रविवारी त्यांच्यासमोर बसून मी वाट बघितली. ते ग्रेव्ही मागत राहिले.

उलट वसंत येईतो दाजी वटवाघळांचे कैवारी झाले. टीव्हीवर जाऊन "ती माझी लेकरं होती" म्हणत रडले. मित्रमंडळाने टीशर्ट काढले. त्यावर वटवाघूळ लहान आणि दाजींचं हेल्मेट मोठं. जूनमध्ये गुहेच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरला, आणि टीव्हीवाल्यांना घेऊन आपल्या दालनापर्यंत कोण जाणार? अर्थात दाजी. जुने, इतिहासप्रसिद्ध कपडे घालून.

फाटकावर मी होते. बूट पुसायची औषधात भिजवलेली चटई माझ्या पायाशी, आणि सगळ्यांना विचारायचे तेच प्रश्न माझ्या तोंडी.

"अंगावरचं काही दुसऱ्या गुहेत घातलंय का?"

दाजी कॅमेऱ्याकडे बघून हसले. "आमच्या मेहुणीबाई भारी कडक!"

"उत्तर, दाजी."

"नाही घातलं. आणि घातलं असतं तरी उकळत्या पाण्यातून काढलेत हे कपडे."

खाण्याच्या टेबलाजवळ ओपलताई बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन उभी होती. चारचौघांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अहो, कधी काढलेत?" ती म्हणाली.

सगळे वळले.

"लग्न झाल्यापासून या कपड्यांना मला हात लावू दिला नाहीत. चिखल म्हणजे पदकं म्हणता ना? बाहीवरचा लाल टेनेसीचा, गुडघ्यावरचा करडा वेस्ट व्हर्जिनियाचा. नाताळात पाहुण्यांना बोट ठेवून दाखवत होतात की!"

"ओपल, घरी बोलू."

"घरी तुम्हीच बोलता."

क्लेबर्नसाहेब माझ्या कानाशी आले. "वर्ना, आजच्या दिवस जाऊ दे."

मी फाटकाला साखळी लावली. "कॅमेरा चालू आहे साहेब. आत सोड म्हणून तुम्हीच मोठ्याने सांगा."

साहेबांना एकदम आपला टाय सरळ करावासा वाटला.

मी दाजींपुढे उद्यानातला पांढरा, पायांतून चढवायचा कागदी पोशाख धरला. हे घालून आत जाता येईल, म्हटलं. त्यांनी तो पोटापर्यंत चढवून बघितला. तिथे तो टर्रकन फाटला. मग त्यांना आठवलं, की आज छातीत जरा धडधडतंय. आत न जाता वाहनतळावरच त्यांनी भाषण केलं आणि योग्य त्या जागी रडले. रात्रीच्या बातम्यांत भाषण होतं, रडणं होतं. ओपलताई नव्हती.

बक्षीस म्हणून मला उन्हाळाभर तंबूच्या मैदानावरचे संडास सांभाळायला मिळाले. दाजी अध्यक्षच राहिले. ओपलताईने मात्र कार्यक्रमाच्याच संध्याकाळी ते कपडे मशीनमध्ये कोंबले, गरम पाणी सोडलं आणि वर झाकण दाबून बसली. दाजी रुसून भावाकडे गेले. ताई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच तिने खुर्चीत पाय वर घेऊन जेवण केलं. मग दाजी परत आले. रुसव्याने पोट भरत नाही.

पुढच्या हिवाळ्यात डेल्फियाबाईंनी मोजणीसाठी मला मागून घेतलं. धुतलेल्या कपड्यांनी आत गेलो. छतंच्या छतं ओकीबोकी होती. बुरशीलाही न सोसणाऱ्या एका अतिथंड कोपऱ्यात मात्र वटवाघळांचा एक छोटा घोस लटकत होता, एकमेकांना बिलगून. नाकं स्वच्छ. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही बघितलं आणि लगेच मागे फिरलो, कारण आमची नुसती ऊबही त्यांना जागं करायला पुरेशी होती.

बाहेर बूट घासत होतो, तेव्हा क्लेबर्नसाहेब धावत आले.

"काही चांगली बातमी? टीव्हीला सांगू का? मॅगार्डसाहेबांना बोलावतो, ते छान बोलतात."

"अजून झोपलीयत ती," डेल्फियाबाई म्हणाल्या. "हळू बोला."

मी दुसरा बूट घासायला घेतला.